हूगार्डनची पांढरी बिअर आणि घरोघरची पिंपे

धण्यांचा आणि संत्र्याच्या सालीचा मंद वास असलेली, गव्हामुळे किंचित धूसर दिसणारी आणि वर रासबेरी, चेरी किंवा जर्दाळूची चव चढवलेली बिअर आज जगभर ‘बेल्जियन पद्धतीची’ म्हणून ओळखली जाते. खुद्द बेल्जियमच्या परंपरेत तिला असे एकसंध स्थान नव्हते. गव्हाची पांढरी बिअर हा देशाच्या मध्य-पूर्वेकडचा, लूवेन आणि हूगार्डन परिसराचा वारसा. फळे घालून मुरवलेली आंबट बिअर ही ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येकडच्या खेड्यांची. दोन्हींत गहू होता, पण घडण वेगळी आणि गिऱ्हाईकही वेगळे. या दोन धारा खऱ्या अर्थाने एकत्र आल्या त्या विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, आणि बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत व गॅरेजमध्ये.

हूगार्डन हे लूवेनच्या पलीकडे, साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या टीनन शहराला लागून वसलेले गाव आहे. भोवतालची हेस्बे नावाची सपाटी वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक, सुपीक मातीची. गहू आणि शुगरबीट ही तिथली हुकमी पिके. गावात बिअर होत असल्याची नोंद 1445 सालापासून मिळते. अठराव्या शतकात जेमतेम दोन हजार वस्तीच्या या गावात तीन डझनांच्या आसपास ब्रुअऱ्या होत्या, शिवाय दारूच्या भट्ट्या वेगळ्याच. एवढा पसारा गावच्या तहानेसाठी नव्हता. हूगार्डन भोवतालच्या ब्राबांत प्रांतात मोडत नसे. ते लिएजच्या बिशप-राजाच्या अमलाखालचे, परक्या मुलखाने वेढलेले एक बेट होते. ब्राबांतमधले कर तिथे लागू नव्हते, आणि शेजारच्या शहरांत माल खपवायला अंतरही फार नव्हते. गावच्या पाण्याचे आणि कारागिरांच्या हाताचे गोडवे पुढे गायले गेले, पण भरभराटीचे श्रेय आधी कराच्या सवलतीला द्यावे लागते. 1795 मध्ये फ्रान्सने हा मुलूख गिळंकृत केला, लिएजचे राज्य बरखास्त झाले, सवलत संपली. एकोणिसाव्या शतकात गावातल्या ब्रुअऱ्यांची संख्या तेरावर आली.

धणे आणि साल कुठून आली हे समजायला याही मागे जावे लागते. मध्ययुगात या भागात बिअर हॉप्स या वेलीच्या कडू फुलोऱ्याने नव्हे, तर वनस्पतींच्या मिश्रणाने चवदार केली जाई. पाणथळ जागी उगवणारे सुगंधी मिरिका हे झुडूप त्यात मुख्य. या मिश्रणाला ग्रूट म्हणत आणि ते विकण्याचा मक्ता जहागीरदारांकडे असे. प्रत्येकाने ते त्यांच्याकडूनच विकत घ्यायचे, म्हणजे हा एक प्रकारचा करच. ब्रूज शहरातले ग्रूटहूज घराणे या मक्त्यावर गब्बर झाले. त्यांचा वाडा आज संग्रहालय म्हणून उभा आहे. हॉप्समुळे पेय टिकते हे बाराव्या शतकात जर्मन मठाध्यक्षा हिल्डेगार्ड यांनी लिहून ठेवले होते. पुढच्या दोन-तीन शतकांत हॉप्सने ग्रूटला बाजूला सारले आणि बिअर टिकू लागल्यामुळे ती लांबवर विकताही येऊ लागली. तोपर्यंत बिअर हे बव्हंशी घरातल्या बायकांचे काम होते. आता ते मोठी भांडी आणि भांडवल असलेल्या पुरुषांच्या संघांकडे गेले.

बव्हेरियात 1516 च्या फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायला मनाई केली. बेल्जियम-हॉलंडच्या सखल प्रदेशात असा सर्वंकष नियम कधी आला नाही. मसाल्याची मुभा राहिली, आणि बंदरांत उतरणारा माल बिअरच्या भांड्यापर्यंत पोहोचू शकला. कडू संत्र्याच्या सालीचा प्रवास त्यातलाच. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर गोड संत्री लावली. तिथल्या कोरड्या मातीत फळ खुरटे आणि कडू झाले, खाण्याच्या लायकीचे उरले नाही, पण सालीतले सुगंधी तेल मात्र अफलातून निघाले. 1634 मध्ये बेट डचांच्या ताब्यात गेले आणि वाळवलेली साल युरोपात येऊ लागली.

पांढऱ्या बिअरचा गाभा मात्र मसाला नसून मोड न आणलेला, कच्चा गहू हा आहे. बार्ली मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात भिजवली की तिच्यातली विकरे पिठाची साखर करतात. गव्हाच्या पिठाची साखरही तीच विकरे करून देतात, म्हणून मोड आणलेल्या बार्लीबरोबर, म्हणजे माल्टबरोबर, जवळपास निम्मा कच्चा गहू खपून जातो. माल्ट करण्याचा खर्च वाचतो. उलट गव्हाला टरफल नसल्यामुळे लगदा चिकट होतो आणि रस गाळणे जिकिरीचे होते. गव्हातली प्रथिने व पिष्टाचे कण पेयात तरंगत राहतात, त्यांच्यामुळेच तो दुधाळ फिकटपणा येतो. 1822 च्या डच कायद्याने कर बिअरवर न लावता भिजवणीच्या पिंपाच्या आकारमानावर लावला. साहजिकच लहान पिंपात धान्य ठासून भरायचे, दुधाळ रस पुन्हा पुन्हा उपसून वेगळ्या भांड्यात उकळायचा, अशा खटाटोपाच्या पद्धती टिकल्या आणि वाढल्या. बेल्जियम 1830 मध्ये डच राज्यातून वेगळा झाला तरी पिंपावरचा हा कर 1885 पर्यंत चालू होता.

1851 मध्ये लाकांब्र या अभियंत्याने बेल्जियमच्या बिअरवर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हूगार्डनपेक्षा लूवेनच्या पांढऱ्या बिअरचा बोलबाला अधिक दिसतो. या बिअर हलक्या, फेसाळ, किंचित आंबट असत आणि उन्हाळ्यात ताज्या ताज्या संपवल्या जात. आंबटपणा देणारे जिवाणू आपल्याकडे दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच जातकुळीतले. ते मुद्दाम घातले जात नसत. लाकडी पिंपांत त्यांचे बिऱ्हाड कायमचेच असे. काही आठवड्यांनी बिअर नको तितकी आंबे, म्हणून तिचा बाजार आसपासच्या गावांपुरताच राहिला.

हाच तिचा कमकुवत दुवा ठरला. 1842 मध्ये बोहेमियातल्या पिल्झन शहरात सोनेरी, पारदर्शक लागर बिअर जन्माला आली. बर्फयंत्र आणि रेल्वे हाताशी आल्यावर ती कुठेही, कधीही एकसारखी मिळू लागली. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजांनी बेल्जियन ब्रुअऱ्यांतली तांब्याची भांडी उचलून नेली. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात तीन हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. त्यांतल्या अनेकांनी युद्धानंतर दार उघडलेच नाही. 1919 च्या वान्डरवेल्ड कायद्याने कॅफेंमध्ये कडक दारू विकायला बंदी केली, तेव्हा नशेची उणीव भरून काढणाऱ्या तेज बिअरला मागणी आली आणि हलकी गव्हाची बिअर आणखी मागे पडली. लूवेनच्या आर्तुआ ब्रुअरीने 1926 मध्ये नाताळसाठी स्टेला नावाची लागर काढली, ती गावोगाव पोहोचली. हूगार्डनमधली शेवटची टॉमसिन ब्रुअरी 1957 मध्ये बंद झाली.

ब्रसेल्सकडची गोष्ट निराळी. सेन नदीचे खोरे आणि पायोटनलँड हा तिच्या पश्चिमेचा टापू यांत जी लाम्बिक बिअर होते, तिच्यात तीस ते चाळीस टक्के कच्चा गहू असतो. पण यीस्ट कुणी घालत नाही. उकळलेला रस रात्रभर माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या कढईत उघडा ठेवतात. हवेतले आणि इमारतीत वर्षानुवर्षे मुरलेले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. हे काम ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच चालते, कारण उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू फार. मग पिंपांत एक ते तीन वर्षे मुक्काम. आधी साध्या यीस्टची पाळी, मग आम्ल करणाऱ्या जिवाणूंची, आणि अखेरीस ब्रेटॅनोमायसिस या रानटी यीस्टची. 1904 मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी हे यीस्ट इंग्रजी बिअरमध्ये ओळखले, म्हणून त्याचे नाव ब्रिटनवरून पडले. त्याचा बालेकिल्ला मात्र ब्रसेल्स. हॉप्स इथे जुने, वास उडालेले वापरतात: कडवटपणा नको असतो, टिकवण्याचा गुण हवा असतो.

अशा बिअरच्या पिंपात फळे टाकण्यामागे व्यवहार होता. लाम्बिक आंबट आणि कोरडी. फळाने तिला रंग व वास मिळे, आणि हंगामात मुबलक आलेले फळ वाया जात नसे. ब्रसेल्सच्या उत्तरेचे स्कारबीक हे तेव्हा चेरीच्या बागांचे खेडे होते. तिथली बारीक, काळपट, आंबट चेरी गाढवांवर लादून शहराच्या बाजारात येई; त्या वस्तीला ‘गाढवांचे गाव’ हे टोपणनाव आजही चिकटून आहे. एक लिटर बिअरला दोनशे ते तीनशे ग्रॅम चेरी बियांसकट घालायची, काही महिने मुरू द्यायची. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकते, उरतो आंबटपणा, लाल रंग आणि बियांमधून उतरणारा बदामासारखा वास. या बिअरला क्रीक म्हणतात. रासबेरीची फ्राम्ब्वाज तिच्या पाठोपाठची. शहर वाढले, स्कारबीकच्या बागा घरांखाली गेल्या आणि त्या जातीची झाडे आता विरळाच सापडतात. ब्रसेल्सच्या अँडरलेक्ट भागातली 1900 साली सुरू झालेली कांतियाँ ब्रुअरी आजही जुन्या रीतीने फळांची लाम्बिक करते. तिने 1978 मध्ये स्वतःचेच संग्रहालय करून टाकले, म्हणजे उत्पादन चालू आणि प्रेक्षकही चालू.

लोकप्रिय झाली ती मात्र वेगळी फळबिअर. 1980 च्या दशकात काही मोठ्या ब्रुअऱ्यांनी लाम्बिकमध्ये रस, साखर आणि अर्क घालून, पाश्चराइज करून, गोड व गुलाबी पेये बाजारात आणली. जुन्या चवीच्या माणसांनी नाके मुरडली, आणि ते अगदीच अनाठायी नव्हते: तीन वर्षे मुरवलेल्या बिअरवर सरबत ओतावे तसा तो प्रकार होता. तरीही या गोड बाटल्या निर्यात झाल्या आणि बिअरमध्ये फळ असू शकते ही गोष्ट परदेशी गिऱ्हाइकाला कळली ती त्यांच्याचमुळे. बर्लिनमध्ये तर आंबट गव्हाच्या बिअरच्या पेल्यात रासबेरीचे किंवा वुडरफ या हिरव्या वनस्पतीचे सरबत घालून देण्याची रीत होतीच. तिथे फळ पिंपात न जाता थेट पेल्यात येते.

हूगार्डनची पांढरी बिअर परत आली ती पिएर सेलिस या दूधवाल्यामुळे. 1925 मध्ये जन्मलेले सेलिस टॉमसिन ब्रुअरीच्या शेजारी वाढले होते आणि तरुणपणी तिथे हाताखाली काम करत. ब्रुअरी बंद पडल्यावर गावातल्या बैठकीत जुन्या बिअरची आठवण निघायची. 1965 मध्ये सेलिसनी घरच्या गवताच्या माळ्यावर नवी ब्रुअरी थाटली, आणि पुढच्याच वर्षी बिअर विकायला काढली. पाणी, यीस्ट, हॉप्स, माल्ट, कच्चा गहू, थोडे ओट, धणे आणि क्युरासावची साल: एवढाच ऐवज. कृती अर्थातच त्यांच्या आठवणीतली. जिवाणूंचे बिऱ्हाड असलेली जुनी लाकडी पिंपे गेली होती, त्यामुळे जुन्या बिअरचा आंबटपणा नव्या बिअरमध्ये फारसा उरला नाही. मसाल्याचा वास पुढे आला. आज पुस्तकांत ‘अस्सल’ म्हणून जी पांढरी बिअर वर्णिली जाते, ती मध्ययुगातली कमी आणि एका माणसाने जिभेवर जपलेली जास्त आहे. घरगुती प्रयोग आणि वारसा यांतली रेघ इथे पुसट होते.

विद्यार्थ्यांत आणि मग हॉलंडमध्ये ही बिअर झपाट्याने पसरली. सेलिसनी सरबताचा एक जुना कारखाना घेऊन व्याप वाढवला. 1985 मध्ये आग लागली आणि विमा अपुरा होता; मदतीला आलेल्यांत स्टेलाची मालक कंपनी, पुढची इंटरब्रू, होती. कर्जाच्या बदल्यात कंपनीचा शब्द चालू लागला, कृती सौम्य करण्याचा दबाव सेलिसना जाणवू लागला, तेव्हा त्यांनी ब्रुअरी विकून अमेरिका गाठली. 1992 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात त्यांनी पुन्हा तीच बिअर सुरू केली. ती ब्रुअरीही मिलर या बड्या कंपनीच्या हाती गेली आणि बंद पडली. इकडे 2005 मध्ये मालक कंपनीने हूगार्डनचे उत्पादन लिएजजवळच्या युपिय इथल्या कारखान्यात हलवायचे ठरवले; गावाने आंदोलन केले, आणि 2007 मध्ये निर्णय फिरवला गेला. सेलिस 2011 मध्ये वारले. त्यांच्या आधी जी बिअर नामशेष होती, ती तोपर्यंत डझनावारी देशांत होऊ लागली होती.

घरी बिअर करण्याचा हक्क हा या कथेचा दुसरा धागा. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टन सरकारने 1880 मध्ये माल्टवरचा कर काढून बिअरवर लावला, आणि घरी करणाऱ्यालाही परवाना सक्तीचा झाला. हा परवाना 1963 च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. त्यानंतर माल्टचा पाक, हॉप्स आणि यीस्ट असे तयार संच औषधांच्या दुकानांतूनही मिळू लागले. अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरचा मात्र उल्लेख राहून गेला. ही त्रुटी दूर व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांची दुरुस्ती असलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 14 ऑक्टोबर 1978 रोजी सही केली. एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, तेही विक्रीसाठी नव्हे. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत ही मोकळीक 2013 मध्ये मिळाली.

कायद्याची वाट न पाहता मंडळी जमू लागली होतीच. कॅलिफोर्नियातला माल्टोज फाल्कन्स हा क्लब 1974 चा. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पपाझियन घरी बिअर करण्याचे वर्ग घेत. पदवी अणुअभियांत्रिकीची, नोकरी शाळेत शिकवण्याची, आणि नाव झाले ते बिअरमुळे. 1978 मध्ये त्यांनी चार्ली मॅट्झेन यांच्याबरोबर अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन काढली, झायमर्जी हे नियतकालिक सुरू केले, आणि 1984 मध्ये त्यांचे घरगुती बिअरवरचे पुस्तक आले, जे या छंदाची बाराखडी ठरले. त्याच सुमारास ब्रिटिश लेखक मायकल जॅक्सन (गायकाशी काही संबंध नाही) यांनी 1977 च्या आपल्या जागतिक बिअरकोशातून बेल्जियन बिअरचे प्रकार वेगवेगळे करून दाखवले. वाचकाला नावे कळली, पण बाटल्या मिळत नव्हत्या. जे विकत मिळत नाही ते घरी करून पाहणे हा मार्ग त्यातूनच निघाला.

अडचण यीस्टची होती. पाकिटातले कोरडे यीस्ट बेल्जियन चव देत नसे. हौशी लोक आयात केलेल्या बाटलीच्या तळाचा गाळ साखरपाण्यात जगवून यीस्ट वाढवत. ऑरेगॉनमध्ये 1986 मध्ये निघालेली वायीस्ट आणि सॅन दिएगोत 1995 मध्ये निघालेली व्हाइट लॅब्स यांनी निरनिराळ्या प्रकारांची द्रवरूप यीस्ट विकायला आणली आणि हा प्रश्न मिटला. पांढऱ्या बिअरच्या यीस्टचे वैशिष्ट्य असे की गहू-बार्लीच्या कोंड्यातल्या फेरुलिक आम्लापासून ते लवंगेसारखा वास असलेले संयुग तयार करते. लवंग न घालता लवंगेचा भास होतो, तो यामुळे.

फळ आणि पांढरी बिअर यांची गाठ या हौशी लोकांनी घातली. त्यांच्यावर परंपरेचे ओझे नव्हते. लाम्बिक करायला वर्षे लागतात, रानटी यीस्ट घरात शिरले की इतर भांडी बिघडवते. उलट गव्हाची सौम्य, कमी कडू बिअर तीन-चार आठवड्यांत तयार होते आणि फळाला आड येत नाही. म्हणून ब्रसेल्सची कल्पना उचलून हूगार्डनच्या बिअरमध्ये घातली गेली. 1991 मध्ये कोलोरॅडोत निघालेली न्यू बेल्जियम ब्रुअरी जेफ लेबेश या घरी बिअर करणाऱ्याच्या बेल्जियममधल्या सायकल सफरीचे फळ. ब्रसेल्समध्ये शिकलेल्या कीथ व्हिला यांनी 1995 मध्ये कूर्स कंपनीसाठी ब्लू मून ही पांढरी बिअर काढली. तिच्या पेल्यावर संत्र्याची फोड लावण्याची चाल पडली आणि फळ अक्षरशः काठावर येऊन बसले.

घरगुती कृती साधारण एकोणीस लिटरची असते, कारण अमेरिकन पिंप पाच गॅलनचे. त्यात दोन किलोच्या आसपास फिकट माल्ट, जवळपास तितकाच गहू, मूठ-दोन मूठ ओट. कच्च्या गव्हाऐवजी चपटे केलेले गव्हाचे पोहे वापरले तर आधी शिजवावे लागत नाहीत. चिकट लगदा गळावा म्हणून त्यात भाताचे तूस मिसळतात. हॉप्स नावापुरते. उकळी संपता संपता पंधरा-वीस ग्रॅम ताजे भरडलेले धणे आणि तितकीच कडू साल. धण्यांच्या बाबतीत जाणकार लांबट, पिवळसर भारतीय वाण पसंत करतात. गोल मोरोक्कन धण्यांपेक्षा त्यात लिंबाचा वास जास्त असतो, आणि ते परदेशातल्या भारतीय किराणा दुकानांत स्वस्त मिळतात. आंब्याची बिअर करू पाहणारे त्याच दुकानातून डबाबंद आमरस आणतात.

फळ घालायचे कधी, यावर मतभेद फार. उकळत्या रसात घातले तर जंतू मरतात, पण वासही उडतो आणि फळातले पेक्टिन मोकळे होऊन बिअर गढूळ होते. म्हणून बहुतेक जण पहिले आंबणे ओसरल्यावर दुसऱ्या भांड्यात घालतात. आधी गोठवून वितळवले की पेशी फुटून रस सुटतो. रासबेरी एकोणीस लिटरला एक-दोन किलो पुरते, तिची चव टिकते. स्ट्रॉबेरी मात्र लवकर फिकी पडते, रंगाने आणि वासानेही. नवख्याची अपेक्षा गोडीची असते, आणि तिथेच त्याची फसगत होते. फळातली साखर आंबून जाते, उरते ते आम्ल. आंबणे पूर्ण होण्याआधी बाटल्या भरल्या तर उरलेली साखर बाटलीत आंबते, दाब वाढतो आणि काच फुटते. घरगुती बिअरमधला हा सगळ्यात खरा धोका.

चव पाहून मत देण्याची रीत या छंदाइतकीच महत्त्वाची, आणि तिची मुळे अधिकृत आहेत. इंग्लंडच्या गावांत बिअर चाखून दर्जा व भाव तपासणारे अधिकारी नेमले जात. शेक्सपिअरचे वडील जॉन यांची 1556 मध्ये स्ट्रॅटफर्डमध्ये अशी नेमणूक झाली होती. त्यांचे काम पास-नापास ठरवण्याचे. चवीचे वर्णन करणारी शिस्तबद्ध भाषा आली ती 1979 मध्ये, मॉर्टन माइलगार्ड यांच्या चवींच्या चक्रामुळे. उकडलेल्या मक्याचा वास, लोण्याचा वास, हिरव्या सफरचंदाचा, ओल्या पुठ्ठ्याचा: प्रत्येक वासामागे एक रसायन आणि प्रत्येक रसायनामागे करणाऱ्याची एखादी चूक. लोणी जाणवले तर यीस्टला पुरता वेळ मिळाला नाही, पुठ्ठा जाणवला तर बाटली भरताना हवा शिरली. अभिप्राय त्यामुळे दुरुस्तीच्या कामाचा झाला.

हीच भाषा 1985 मध्ये स्थापन झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामने घरगुती स्पर्धांत आणली. परीक्षा देऊन परीक्षक व्हायचे, बाटल्यांवर फक्त क्रमांक, आणि पन्नास गुणांचा तक्ता: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या पोताला 5, एकूण ठशाला 10. दिसण्याला केवळ तीन गुण, यात बरेच शहाणपण आहे. पांढऱ्या बिअरसाठी नियमावली धण्यांचा वास सेलरीच्या भाजीसारखा किंवा हॅमसारखा येऊ नये असे बजावते. तसा आला तर धणे शिळे किंवा अति झाले असे समजायचे. फळांच्या लाम्बिकला स्वतंत्र वर्ग आहे. फळ घातलेल्या पांढऱ्या बिअरला मात्र नाही. ती सरसकट ‘फ्रूट बिअर’मध्ये जाते, कोणते फळ ते स्पर्धकाने सांगायचे, आणि परीक्षकाने पाहायचे ते एवढेच की फळ खरे वाटते का आणि खाली बिअर शिल्लक आहे का. रासबेरीखाली धणे व लवंग दबून गेली तर गुण जातात. स्पर्धा संपल्यावर भरलेला तक्ता करणाऱ्याच्या पत्त्यावर पोचतो. अनेकांना पदकापेक्षा तो कागद हवा असतो.

2016 मध्ये युनेस्कोने बेल्जियमची बिअर संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. भारतात ही चव उशिरा आणि बाजारातून आली. पुण्यात 2009 मध्ये डूलाली या मायक्रोब्रुअरीने ताज्या बिअरचा पायंडा पाडला. 2015 मध्ये आलेल्या बिरा 91 ची गव्हाची बिअर सुरुवातीला चक्क बेल्जियममध्ये करून आणली जात होती, आणि तिच्यात धणे व संत्र्याची साल होती. उत्पादन पुढे भारतात आले. घरी करून पाहण्याची वाट मात्र महाराष्ट्रात बंद आहे. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, आणि मुंबई राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते विक्रीसाठी नसले तरी. त्यामुळे इथे आंबा किंवा अन्य फळ घातलेली गव्हाची बिअर चाखायची तर ती परवानाधारक ब्रुअरीच्या नळावरच.